सिगारेटच्या पाकिटातला चित्रमय पुठ्ठा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटचे पाकीट म्हणजे बहुधा पातळ कागदाची पुडीच असे. कोटाच्या खिशात ती दबायची आणि आतल्या सिगारेटी वाकायच्या, फाटायच्या. पुडी ताठ राहावी म्हणून कारखानदार तिच्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालू लागले. त्याची रुंदी साधारण दीड इंच आणि उंची पावणेतीन इंच. पुठ्ठा कोराच राहतोय म्हटल्यावर कुणीतरी त्यावर कंपनीचे नाव छापले, कुणी चित्र छापले. १८८० च्या दशकाच्या मध्यावर ही चित्रे इतकी देखणी आणि इतकी लोकप्रिय झाली होती, की सिगारेटपेक्षा पुठ्ठ्यासाठीच पाकीट घेणारे गिऱ्हाईक तयार झाले. रंगीत छपाईच्या त्या पहिल्या मोठ्या लाटेत घरोघर पोचलेली ही जाहिरात-चित्रे आज ‘सिगारेट कार्ड’ किंवा ‘टोबॅको कार्ड’ या नावांनी ओळखली जातात.

सिगारेटला जाहिरातीची एवढी निकड का भासली, हे समजायला त्या काळचा तंबाखूचा बाजार पाहावा लागतो. अमेरिकी माणूस तंबाखू प्रामुख्याने चघळत असे, पाइपमधून ओढत असे किंवा सिगार शिलगावत असे. कागदात गुंडाळलेली सिगारेट हे शहरी, काहीसे नाजूक आणि परदेशी थाटाचे व्यसन मानले जाई. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात जॉन ॲलन आणि लुईस गिंटर यांच्या ‘ॲलन अँड गिंटर’ या पेढीने १८७० च्या दशकात या मालावर भर दिला. तिच्या कारखान्यात मुली आणि तरुण स्त्रिया हाताने सिगारेटी वळत. सराईत हाताला मिनिटाला चार सिगारेटी जमत, त्यामुळे माल मर्यादितच निघे आणि जितका निघे तितका खपवणे अवघड नव्हते.

हे गणित एका यंत्राने उलटेपालटे केले. जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियाच्याच तरुणाने सिगारेट वळण्याचे यंत्र बनवले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ॲलन अँड गिंटरने ते आजमावले, पण पत्करले नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम गावच्या ‘डब्ल्यू. ड्यूक सन्स अँड कंपनी’ने मात्र ते उचलले. या कंपनीचा सूत्रधार जेम्स ब्यूकॅनन ड्यूक. १८८४ मध्ये ड्यूकच्या कारखान्यात यंत्र नीट चालू लागले आणि दहा तासांच्या पाळीत एकेक यंत्र लाखाहून अधिक सिगारेटी ओकू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने हजार सिगारेटींवरचा कर पावणेदोन डॉलरवरून अर्ध्या डॉलरवर आणला होता. ड्यूकने दहा सिगारेटींचे पाकीट दहा सेंटांऐवजी पाच सेंटांना विकायला काढले. आता प्रश्न माल बनवण्याचा उरला नव्हता, तो ओढणार कोण याचा होता. एका कंपनीची सिगारेट दुसरीपेक्षा फारशी वेगळीही नव्हती. फरक दाखवायचा तर तो पाकिटावर आणि पाकिटाच्या आतच दाखवावा लागणार होता.

चित्र देऊन माल खपवण्याची युक्ती तंबाखूवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत औषधे, साबण, शिवणयंत्रे, धागा असल्या मालाचे विक्रेते त्याआधीच रंगीत ‘ट्रेड कार्डे’ गल्ल्यावरून फुकट वाटत होते. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचे जे भव्य प्रदर्शन भरले, तिथे अशा कार्डांचा अक्षरशः पाऊस पडला. बायका-मुले ती घरी नेऊन वह्यांत चिकटवत. सिगारेटवाल्यांनी या प्रथेत एक फरक केला आणि तोच निर्णायक ठरला. ट्रेड कार्ड मागितले की मिळे. सिगारेट कार्ड पाकीट फोडल्याशिवाय हाती येत नसे, आणि आत कोणते निघेल हेही आधी कळत नसे.

या चित्रांची सारी झळाळी शिळामुद्रणाची आहे. बव्हेरियातील नाटककार आलोईस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ही पद्धत शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवून ते पक्के करायचे, मग लादी पाण्याने भिजवायची. छपाईची तेलकट शाई फिरवली की ती फक्त रेघांना धरते, ओल्या दगडाला धरत नाही. सर्वांत चांगला दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींतून येई आणि जगभर जाई. १८३७ मध्ये गोदफ्रुआ आंगेलमान याने फ्रान्समध्ये रंगीत शिळामुद्रणाचे पेटंट घेतले. त्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे.

कार्डाच्या बाबतीत हे काम फार नाजूक होते. मूळ जलरंगातले चित्र समोर ठेवून कारागीर आधी बाह्यरेषेचा नकाशा तयार करी. मग त्या चित्रात पिवळा कुठे, फिका गुलाबी कुठे, निळा कुठे, करडा कुठे, याचा हिशेब मनात मांडून तो एकेका रंगाचा दगड रेखाटे, तेही उलटे, कारण कागदावर ते सुलट उमटायचे असते. आठ-दहा दगड लागणे ही नेहमीची गोष्ट होती. गालावरची लाली किंवा पक्ष्याच्या पिसांची छटा गडद-फिकी दाखवायला शाई पातळ करता येत नाही. त्यासाठी कारागीर लेखणीच्या टोकाने बारीक ठिपके देई. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ ठिपके म्हणजे फिके. भिंगाखाली जुने कार्ड धरले तर हे ठिपके वेगवेगळे दिसतात आणि त्यांची मांडणी यंत्रासारखी सरळ रांगेतली नसते, हाताची असते. पुढे आलेल्या हाफटोन छपाईचे ठिपके नेमके इथेच वेगळे पडतात. अस्सल कार्ड ओळखण्याची ही एक साधी खूण आहे.

छपाई एकेका कार्डाची होत नसे. प्रत्येक चित्राचा ठसा खास कागदावर उतरवून असे अनेक ठसे एका मोठ्या दगडावर शेजारी शेजारी बसवत. मोठा कागद वाफेवर चालणाऱ्या छापखान्यातून एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा जाई. दोन रंग केसाएवढे जरी सरकले तरी माणसाच्या ओठांचा तांबडा रंग हनुवटीवर येई. सगळे रंग चढले की कागद कापून कार्डे सुटी होत. काम आटोपल्यावर दगड वाळूने घासून पुन्हा कोरा केला जाई आणि त्यावर दुसऱ्याच कुठल्या मालाचे लेबल काढले जाई. त्यामुळे दगडावरची मूळ रेखाटने जवळजवळ नाहीशी झाली आहेत. हे काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘लिंडनर, एडी अँड क्लॉस’ किंवा फिलाडेल्फियाच्या ‘जॉर्ज एस. हॅरिस अँड सन्स’ यांसारख्या छापखान्यांची नावे कार्डांवर बारीक अक्षरांत सापडतात. चित्रकाराचे नाव मात्र बहुधा कुठेच नसते. उत्तम दर्जाची इतकी चित्रे काढणारे हात इतिहासाला अनामिकच राहिले.

महाराष्ट्रात याच तंत्राची ओळख वेगळ्या वाटेने झाली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली चित्रशाळा शिळाछापाची चित्रे काढत होती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दिवाणखान्यातली सरस्वती आणि रिचमंडच्या पाकिटातला पक्षी यांचे विषय दूरचे असले तरी दोन्हींच्या मागे तेच दगड, तेच ठिपके आणि तीच रंग जुळवण्याची कसरत होती.

ॲलन अँड गिंटरने १८८६ ते १८९० या काळात काढलेल्या मालिका या कलेचा सर्वोच्च बिंदू मानल्या जातात. एका मालिकेत बहुधा ५० कार्डे असत. अमेरिकेतले पक्षी, उष्ण कटिबंधातले पक्षी, गाणारे पक्षी, अमेरिकी पाण्यातले मासे, जगातले वन्य प्राणी, झुंजीचे आणि बक्षीसपात्र कोंबडे, फळे, पंखे, सर्व राष्ट्रांचे ध्वज, मानचिन्हे, स्पॅनिश समुद्रावरचे चाचे, अशी ही यादी लांबत जाते. वृत्तपत्रांच्या संपादकांचीही एक मालिका निघाली होती. जाहिराती ज्यांच्या पत्रात द्यायच्या त्यांचेच चेहरे पाकिटात घालण्यामागे काही मतलब असावा, असा संशय येण्याजोगी ही निवड आहे. ‘जगातले धूम्रपान करणारे’ नावाची एक मालिका होती; तीत निरनिराळ्या देशांचे लोक आपापल्या तऱ्हेने तंबाखू ओढताना दिसतात. ती सोडली तर या चित्रांत तंबाखू जवळपास नाहीच. कंपनीचे आणि छापाचे नाव एका बाजूला बेताने येते. चित्र स्वतःसाठीच पाहण्याजोगे असावे, अशी त्याची रचना असते.

या जाहिरातीचे खरे यंत्र कार्डाच्या पाठीवर होते. तिथे त्या मालिकेतल्या सर्व कार्डांची यादी छापलेली असे. एक कार्ड हाती आले की उरलेली ४९ आपल्याकडे नाहीत, हे ग्राहकाला आपोआप कळे. शिवाय पाकिटातून निघणारी कुपने ठरावीक संख्येने जमवून पाठवली की कंपनीकडून एक सुबक आल्बम मिळे आणि त्यात तीच चित्रे मोठ्या पानांवर नव्याने मांडून छापलेली असत. म्हणजे प्रत्येक कार्ड जाहिरात करी ती पुढच्या कार्डाची. सिगारेट मध्ये आपसूक विकली जाई. आजच्या चिप्सच्या पुड्यांतली खेळणी हीच चाल खेळतात, पण इतक्या कसबी चित्रकलेच्या जोरावर ती क्वचितच खेळली गेली असेल.

१८८७ ची ‘वर्ल्ड्‌ज चॅम्पियन्स’ ही मालिका संग्राहकांत सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्या ५० कार्डांपैकी १० बेसबॉलपटूंची आहेत. कॅप अॅन्सन आणि किंग केली हे त्या काळचे नामांकित खेळाडू त्यांत दिसतात. बाकीची कार्डे मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, होडी वल्हवणारे, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज यांची. मुष्टियोद्धा जॉन एल. सलिव्हन यांत आहे, बफेलो बिल आहे आणि नेमबाज अॅनी ओकली ही स्त्रीही आहे. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर छातीपर्यंतचे चित्र, चेहऱ्यावर ठिपक्यांनी आणलेला जिवंत रंग आणि खाली नाव, एवढाच मामला. वृत्तपत्रांत तेव्हा छायाचित्रे फारशी छापली जात नव्हती. मैदानापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या आवडत्या खेळाडूचा चेहरा दिसण्याचा हा एक मोजका मार्ग होता.

न्यूयॉर्कच्या ‘गुडविन अँड कंपनी’ने आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटसाठी वेगळी वाट धरली. तिने रंगीत चित्रांऐवजी खरी छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवली. १८८६ ते १८९० या काळात पाचशेंवर बेसबॉलपटूंची अशी कार्डे निघाली आणि एकेका खेळाडूच्या अनेक मुद्रा घेतल्यामुळे एकूण प्रकार हजारोंच्या घरात गेले. त्या काळच्या कॅमेऱ्याला पळता माणूस टिपणे कठीण होते. म्हणून खेळाडूला स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे उभे करत आणि चेंडू दोरीने वरून टांगत. खेळाडू मग त्या लटकत्या चेंडूकडे झेप घेतल्याचा आव आणून निश्चल उभा राही. कित्येक कार्डांत ती दोरी स्पष्ट दिसते. कलेच्या दृष्टीने ही कार्डे शिळाछापाच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण बेसबॉलच्या इतिहासकाराला ती सोन्याच्या मोलाची आहेत.

ड्यूकचा भर नटींवर होता. तेव्हाचा सिगारेटचा ग्राहक जवळपास सगळा पुरुषवर्ग होता आणि तोकड्या, अंगासरशा वेशातल्या नाटकवाल्या स्त्रियांची छायाचित्रे त्याला आवडणार, हे उघड होते. लिलियन रसेल, लिली लँग्ट्री अशा नामवंत अभिनेत्रींपासून नावही न छापलेल्या नर्तकींपर्यंत असंख्य चेहरे पाकिटांतून फिरू लागले. गंमत अशी, की कंपनीचे मूळ पुरुष वॉशिंग्टन ड्यूक हे धर्मभीरू मेथडिस्ट होते. १८९४ मध्ये एका पाद्र्याने त्यांच्याकडे तक्रार केली, तेव्हा त्यांनी मुलाला, म्हणजे जेम्सला, पत्र लिहून ही चित्रे बंद करण्याविषयी बजावले. याच कंपनीने ‘गरीब मुले जी श्रीमंत झाली’ अशा आशयाच्या छोट्या चरित्रपुस्तिकाही पाकिटात घातल्या होत्या. पाच सेंटांत कधी नटी मिळे, कधी नीतिपाठ.

ड्यूकने १८८६ च्या सुमारास कागदी पुडीऐवजी सरकत्या खोक्याचे पाकीट आणले. हे खोके स्वतःच ताठ होते, त्यामुळे आत पुठ्ठा घालण्याचे मूळ कारण संपले. तरी कार्ड गेले नाही, उलट वाढले. १८८९ मध्ये ड्यूकचा जाहिरातीवरचा खर्च सुमारे ८ लाख डॉलर होता, असे सांगितले जाते. कार्ड हा या खर्चातला मोठा वाटा होता.

मुलांना या कार्डांचे वेड लागले, यात नवल नाही. दुकानाबाहेर उभे राहून सिगारेट घेणाऱ्या माणसाकडे कार्ड मागणे, वर्गात त्यांची अदलाबदल करणे, भिंतीवर कार्डे भिरकावून जिंकण्याचे खेळ खेळणे हे सर्रास चाले. मुले कार्डांसाठी स्वतःच सिगारेट विकत घेऊ लागली, ही पालक आणि शिक्षक यांची तक्रार रास्त होती. हेही खरे, की कित्येक मुलांनी जगातले ध्वज, प्राणी आणि देश प्रथम याच पुठ्ठ्यांवर पाहिले.

मात्र त्या ज्ञानात विषही कालवलेले होते. १८८८ मध्ये रॉचेस्टरच्या ‘डब्ल्यू. एस. किंबल’ कंपनीने ‘रानटी आणि अर्धरानटी सरदार व राज्यकर्ते’ अशा नावाची मालिका काढली. बिगरगोऱ्या जगाकडे पाहण्याची नजर त्या नावातच आहे. त्याच वर्षी ॲलन अँड गिंटरने अमेरिकी आदिवासींच्या नामवंत प्रमुखांची मालिका काढली. चित्रकलेच्या दृष्टीने ती बहुधा या साऱ्यांत सरस आहे. पिसांचे मुकुट, चेहऱ्यावरचे रंग, गळ्यातल्या माळा यांचे तपशील ठिपक्यांच्या कामात विलक्षण उतरले आहेत. सिटिंग बुल आणि जेरोनिमो हे दोघेही त्यात आहेत. जेरोनिमो तेव्हा अमेरिकी लष्कराचा युद्धकैदी होता. त्याने १८८६ मध्ये शरणागती पत्करली होती. सिटिंग बुल १८९० मध्ये आदिवासी पोलिसांच्या गोळीने मेला. ज्यांची जमीन हिसकावून घेतली जात होती, त्यांचेच चेहरे शहरी माणसाच्या खिशात शोभेची वस्तू म्हणून फिरत होते. ही मालिका पाहताना हाताचे कसब आणि त्यामागचा बाजार वेगळे काढता येत नाहीत.

चित्रे कुठून येत, हाही प्रश्न आहे. आदिवासींच्या मालिकेतली कित्येक चित्रे जुन्या रंगचित्रांवरून आणि छायाचित्रांवरून बेतलेली होती, आणि हीच पद्धत सगळ्यांची होती. छायाचित्र पाहून दगडावर चित्र उतरवणे हा शिळाछापवाल्यांचा रोजचा धंदा. मूळ छायाचित्रकाराला विचारण्याची पद्धत नव्हती. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी यांनी १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचे छायाचित्र काढले आणि ‘बरो-जाइल्स’ या छापखान्याने त्याच्या ८५,००० प्रती परवानगीशिवाय छापल्या. सॅरोनी न्यायालयात गेले. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने छायाचित्र हीसुद्धा छायाचित्रकाराची निर्मिती आहे, तिला स्वामित्वहक्क मिळतो, असा निकाल दिला. छायाचित्रणाच्या कायद्यातला हा पायाभूत निकाल जाहिरात-छपाईच्या धंद्यातून निघाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कार्डांचा सुवर्णकाळ जितक्या झपाट्याने आला तितक्याच झपाट्याने संपला. १८९० च्या जानेवारीत ड्यूक, ॲलन अँड गिंटर, किनी, किंबल आणि गुडविन या पाच कंपन्या एकत्र येऊन ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ बनली आणि देशातली बहुतांश सिगारेट तिच्या हाती गेली. ज्या प्रतिस्पर्ध्यांना हरवायला कार्डे छापली जात होती, ते आता एकाच छपराखाली होते. दहा रंगांचे चित्र फुकट वाटण्याचे कारण उरले नाही आणि मालिका रोडावल्या. १९०९ च्या सुमारास स्पर्धा पुन्हा तीव्र झाली तेव्हा कार्डे परतली. लाखो डॉलरांना विकले जाणारे होनस वॅग्नरचे बेसबॉल कार्ड या दुसऱ्या पर्वातले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी १९११ मध्ये मोडीत काढली.

ब्रिटनमध्ये कार्डांची लाट जरा उशिरा आली आणि जास्त काळ टिकली. ब्रिस्टलच्या ‘विल्स’ कंपनीने बॉन्सॅकचे यंत्र १८८३ मध्येच घेतले होते. नॉटिंगहॅमच्या ‘जॉन प्लेयर अँड सन्स’ने १८९३ मध्ये किल्ले आणि मठ यांची मालिका काढली, विल्सची क्रिकेटपटूंची ५० कार्डांची मालिका १८९६ ची. ब्रिटिश कार्डांची पाठ सहसा यादीसाठी वापरली जात नसे; तिथे बहुधा चित्राविषयी चार ओळींची माहिती छापत आणि सामान्य घरात ती ज्ञानकोशासारखी वाचली जाई. लिव्हरपूलच्या ‘ऑग्डेन’ने छायाचित्रांची कार्डे काढली. इंग्लंडकडून खेळणारे आपले रणजितसिंहजी या ब्रिटिश कार्डांवर झळकले होते. पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईने ही कार्डे थांबली, नंतर पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये पुन्हा बंद पडली.

अमेरिकी कार्डांची शास्त्रशुद्ध यादी करण्याचे काम कुठल्या संग्रहालयाने नव्हे, तर सिरॅक्यूज शहरात राहणाऱ्या जेफर्सन बर्डिक या विजेच्या सामानाच्या कारखान्यातल्या कामगाराने केले. १९३० च्या दशकात त्यांनी आपली सूची प्रसिद्ध करायला घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू-कार्डांना त्यांनी ‘एन’ आणि विसाव्या शतकातल्यांना ‘टी’ हे अक्षर देऊन क्रमांक लावले. वॅग्नरच्या कार्डामुळे नावारूपाला आलेली ‘टी-२०६’ ही संज्ञा त्यांचीच, आणि ‘वर्ल्ड्‌ज चॅम्पियन्स’ला संग्राहक आजही ‘एन-२८’ म्हणतात. ‘एन-१’ हा पहिला मान संपादकांच्या मालिकेला मिळाला. संधिवाताने बोटे आखडत चाललेल्या बर्डिकनी तीन लाखांहून अधिक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले आणि तिथे बसून ते स्वतः आल्बमांत चिकटवण्याचे काम अनेक वर्षे केले. १९६३ च्या जानेवारीत हे काम संपले आणि मार्चमध्ये ते वारले. वॅग्नरचे कार्डसुद्धा त्यांनी इतरांसारखेच पानावर चिकटवून टाकले आहे.